न विकलेल्या बिड्यांचा डबा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि चौथीच्या पुढचं ऱ्हस्व-दीर्घ मला कोणी शिकवलं नाही. या हाताला पेनापेक्षा चुन्याची काडी जास्त सवयीची. चुकलं असेल तिथे माफी असावी. अर्थात माफी कोणाकडे मागते आहे ते मलाच माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. झालं असं की चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या मॅडमनी, ज्या पेशंटला बिडी-तंबाखू सोडायला समजावतात, त्यांनी मला एका कार्यक्रमात बोलायला उभं केलं. माईक हातात आला, समोर एवढे लोक दिसले आणि माझ्या तोंडातून फक्त "नमस्कार" निघाला. खाली येऊन बसले. घरी भाकरी टाकताना मात्र सगळं बोलणं एकामागून एक सुचायला लागलं. ते इथे उतरवते.

घुग्घुसला कोळशाचे ट्रक ज्या रस्त्याने वजनकाट्यावर जातात, त्या रस्त्याला आमचा पानठेला आहे. माझ्या घरच्यांनी, म्हणजे नवऱ्याने, तो सुरू केला. पुढे त्यांना काट्यावर चौकीदारी मिळाली, मग ठेल्यावर मी बसले. त्याला आता वीस-एकवीस वर्षं झाली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, त्यामुळे सुरुवातीला मी पदर तोंडावर ओढून बसायची. पुढे कळलं की या धंद्यात बोलावं लागतच नाही. ज्या ठेल्यावर रोजच्या गिराइकाला तोंडाने माल मागावा लागतो, तो ठेला कच्चा.

बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही, म्हणून सांगते. रोजचं गिराईक रस्त्यापलीकडे दिसलं की त्याचा माल त्याच्या आधी काचेवर आला पाहिजे. कोण लाल चिठ्ठीचं बिडीबंडल घेतो, कोण हिरव्या चिठ्ठीचं, कोणाला माचीस लागते, कोणाच्या पानात चुना कमी, हे सगळं डोक्यात ठेवून भागत नाही. हातात बसावं लागतं. खाणीचा भोंगा झाला की पाळी सुटते आणि मोटारसायकलींची नुसती झुंबड उडते. तेव्हा आठवत बसलं तर गिराईक पुढे निघून जातं, कारण घुग्घुसला दर दहा पावलांवर ठेला आहे. म्हणून मी माणसाचं तोंड पाहत नाही, चाल पाहते. चाल ओळखली की हात आपोआप डब्यात जातो. पावसाळ्यात बिडी सादळते, तर बिड्यांच्या डब्यात बारका बल्ब पेटता ठेवते. काचेवर काळी धूळ बसते, ती तासातासाला पुसते. एक शाळेचे गुरुजी आहेत, रोज संध्याकाळी एकच सुटी बिडी नेतात आणि "पाहुणे आले आहेत" म्हणतात. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडचा पाहुणा काही गेला नाही. मी त्यांचीही बिडी तयार ठेवते, पण कागदात गुंडाळून. गिराइकाची अब्रू राखणं हेही याच धंद्यातलं काम आहे.

या हाताचा मला गर्व होता.

समोर रस्त्यापलीकडे शब्बीरभाईंचं दुकान आहे. ट्रकच्या कमान्या, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, दुरुस्त करतात. घण चालवणारा माणूस, आणि आवाज असा की ट्रकचं इंजिन चालू असतानाही ड्रायव्हरला खाली उतरवायचा. सकाळी शटर उघडण्याआधी एक लाल चिठ्ठीचं बंडल आणि माचीस, हा त्यांचा नेम. माझ्याशी बोलायचे, मी मान हलवायची. "बाई, तुझ्या तोंडाले कुलूप अन् चाबी घरच्याच्या खिशात," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मग त्यांचा आवाज बसला. महिना झाला, दोन महिने झाले, आवाज काही सुटेना. ड्रायव्हरला हाक मारायला हाताखालच्या माणसाला पाठवायला लागले. मला वाईट वाटायचं. मी बंडलासोबत ज्येष्ठमधाची कांडी द्यायला लागले, तीही फुकट. बिडी मीच देत होते आणि घशाचं औषधही मीच. हे आता लिहिताना पेन जड होतो.

त्यांच्या घरच्या, नजमाभाभी, त्यांना ओढून चंद्रपूरला घेऊन गेल्या. बऱ्याच तपासण्या झाल्या. एका दुपारी शब्बीरभाई येऊन बाकड्यावर बसले. दुपारी ते कधी यायचे नाहीत.

"बाई, गाठ निघाली गळ्यात. कॅन्सर आहे म्हणते."

मी काच पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"तू त काई बोलणार नाईच. पण ऐकून घे. दीड महिना रोज मशीनीवर शेक घ्याले जायचं आहे, रेडिएशन म्हणते त्याले. गाठ लहान आहे, बरा करून घरी पाठवीन म्हणते डॉक्टर. पण बिडी आजपासून बंद. वढत राह्यलो त शेक पाह्यजे तसा काम करत नाई, अन् जखमा भरत नाई. म्हणून तुले सांगून राह्यलो. मले आता बिडी देऊ नको. मी मागतली तरी नाई. पाया पडलो तरी नाई."

"हाव," मी होकार दिला.

त्यानंतर आठ दिवस ते ठेल्याकडे फिरकलेच नाहीत. दुकानात बसून बडीशेप चघळायचे आणि जो दिसेल त्याच्यावर चिडायचे. मी इकडून पाहत होते. नवव्या दिवशी सकाळी भोंगा झाला, गर्दी उसळली. माझे दोन्ही हात चालू होते. रस्त्यापलीकडून ती ओळखीची, उजव्या पायावर जरा झुकणारी चाल आली. बंडल आणि माचीस काचेवर गेली. तिकडून हात आला, पैसे पडले, बंडल उचललं गेलं. मी पुढच्याचं पान लावायला घेतलं.

खोकला ऐकून मी वर पाहिलं. शब्बीरभाई बिडी पेटवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं. त्यांनी बिडी चपलेखाली रगडली.

"पाह्यलं का बाई?" ते बसक्या आवाजात म्हणाले. "मी त चहा प्याले चाललो होतो. पाय इकडे कधी वळले, पताच नाई. तुले पताच नाई, मले पताच नाई, अन् हात आपापले काम करून मोकळे!"

ते हसले. मला हसता आलं नाही. गर्दी ओसरल्यावर मी ठेला बंद करून घरी गेले. तासाभरात नजमाभाभी दारात उभ्या होत्या.

"तूच देली ना?"

"हाव. मीच."

"अठरा साल तू यायले बिड्या खिलवल्या, मी तुले एक शब्द नाई बोलली. धंदा आहे, पोट आहे. पण आता त माहीत होतं ना तुले? एक माणसासाठी हात आवरत नाई तुझा?"

त्या रडायला लागल्या. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. त्या गेल्यावर मी तो दिवस नुसती बसून काढला. बिडी देणारा माझा हात विचार करत नव्हता, हे खरं. पण त्यांचाही हात विचार करत नव्हता. हे रस्ता ओलांडणं, काचेपाशी थांबणं, पैसे ठेवणं, उचलणं, यातलं काहीच त्यांनी ठरवून केलं नव्हतं. आज माझ्याकडे आले, उद्या दुसऱ्या ठेल्यावर जातील. तिथे तर कोणाला काही माहीतही नाही. मग माझ्या मनात आलं की त्यांना ठेल्यापासून लांब ठेवून उपयोग नाही. त्यांनी रोज माझ्याकडेच यावं. सगळं नेहमीसारखं व्हावं, फक्त शेवटी बिडी नसावी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता मी ओलांडला. घण थांबला.

"शब्बीरभाई, तुम्ही रोज सकाळी माझ्याकडे या. पैसे ठेवा. मी बडीशेप अन् कोमट पाणी तयार ठेवीन. ते घ्या अन् जा. दुसऱ्याकडे जाऊ नका."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "कुलूप खुललं बाप्पा! अन् पैसे कायचे? पाण्याचे?"

"पैसे ठेवल्याबिगर तुमचा हात माघारी जाणार नाई. मी पाह्यला आहे तुमचा हात."

त्यांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. पण ते पैसे तुझे नाईत. अमानत आहे. गल्ल्यात टाकायचे नाईत, मोडायचे नाईत, ज्या नोटा देईन त्याच नोटा एका डब्यात ठेवायच्या. ज्या दिवशी मी वढीन, त्या दिवशी सारा डब्बा तुझा."

"मले नको तुमचा डबा."

"म्हणूनच तुझ्यापाशी ठेवून राह्यलो."

आमच्या घरच्यांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "दुनियेत पहिलाच ठेला असा. माल देत नाई अन् पैसे घेते!" पण संध्याकाळी त्यांनीच काट्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा आणून दिला.

एवढ्याने भागणार नव्हतं. रस्त्यावर अजून सहा ठेले होते. त्यांना सांगणं भाग होतं, आणि ठेलेवाल्यांशी बोलायचं म्हणजे मला मरणच. पाच जणांना मी खाली मान घालून कसंबसं सांगितलं. सहावे तुळशीरामभाऊ. त्यांचा ठेला बस थांब्यापाशी, माझ्यापेक्षा मोठा आणि माझ्यापेक्षा जुना. ते सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "वा वो बाई! दुसऱ्याचं गिराईक तोडाले आली का?"

"तुमचं नाई भाऊ. माझंच तोडून राह्यली."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "कोण, कमानीवाला? देणार नाई त्याले. जाय."

शेक सुरू झाले. शब्बीरभाई रोज सकाळी रस्ता ओलांडून यायचे, मी लांबून पाहिलं की ग्लास आणि बडीशेपची पुडी काचेवर ठेवायची. ते पैसे ठेवायचे, पाणी प्यायचे आणि चंद्रपूरच्या बसला जायचे. तिकडे काय करतात तेही सांगायचे. "तोंडावर जाळी ठेवते बाई, अन् टेबलाले कसून टाकते. हलायचं नाई. मी कमानीले शिकंज्यात कसतो ना, सेम तसंच." दुसऱ्या आठवड्यात बडीशेप टोचायला लागली, ती बंद केली. तिसऱ्या आठवड्यापासून घोटभर पाणीसुद्धा डोळे मिटून गिळायचे. चौथ्या आठवड्यात आवाज पार गेला. लोखंडावर खुणा करायचा पांढरा खडू त्यांच्या खिशात असायचा, त्याने माझ्या लाकडी फळीवर लिहायचे. मानेची कातडी काळी पडली होती. पण सकाळचा नेम चुकला नाही.

माझाही हात बदलला होता. ती चाल दिसली की तो आता ग्लासाकडे जायचा. मला त्याचं बरं वाटायचं, पण त्याच्यावर माझा भरवसा राहिला नव्हता. म्हणून शब्बीरभाई यायच्या वेळी मी लाल चिठ्ठीचा डबा उचलून पायाखाली ठेवायची. गिराइकं ओरडायची, ओरडू द्यायची.

शेकाचे थोडेच दिवस उरले असताना एका संध्याकाळी ते बसमधून उतरले आणि तडक तुळशीरामभाऊंच्या ठेल्यावर गेले. दोन दिवस त्यांच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी बोट दाखवून बिडी मागितली. भाऊंनी नकाराची मान हलवली. शब्बीरभाईंनी काचेवर एवढ्या जोराने मूठ आपटली की बरण्या पडल्या. भाऊ ठेल्यावरून उतरले, त्यांचा दंड पकडला आणि भर बाजारातून त्यांना माझ्याकडे घेऊन आले.

"घे वो बाई, तुझं गिराईक. माझी बरणी फोडली यानं."

शब्बीरभाईंनी खडू काढला आणि फळीवर लिहिलं, "एकच दे."

  आजूबाजूला माणसं जमली होती.  डॉक्टरांनी सांगून झालं होतं, नजमाभाभींनी रडून झालं होतं. मी खाली वाकले, बिस्किटांचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवला.

"बिडी मी देणार नाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पण मी तुम्हाले बांधून ठेवलं नाई. हे तुमचे पैसे. घ्या, अन् लागन तिथून बिडी आणा. एवढे दिवस नाई वढली तुम्ही, ते या डब्यात आहे. पाहून घ्या अन् मग जा."

ते डब्यात पाहत राहिले. रोजच्या नोटा, जशाच्या तशा, एकावर एक. मी बंडलांच्या दोऱ्याने त्यांच्या आठवड्याच्या गड्ड्या बांधल्या होत्या. त्यांनी एक गड्डी उचलली, पुन्हा ठेवली. दुसरी उचलली. बराच वेळ गेला.   मग त्यांनी बाहीने फळीवरचं पुसलं, बाकड्यावर बसले आणि ग्लासाकडे बोट दाखवलं. मी पाणी दिलं. ते त्यांनी थेंबाथेंबाने संपवलं, खिशातून नोट काढली आणि डब्यात टाकली. सकाळची टाकलेली होतीच, ही त्या संध्याकाळची.

तुळशीरामभाऊ म्हणाले, "अन् माझी बरणी?" तेव्हा शब्बीरभाई आवाज न करता हसले. खांदे हलत होते नुसते.

शेक संपले. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून गळा पाहिला. गाठ नव्हती. नजमाभाभी तिथून थेट ठेल्यावर आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला. माझ्या हातांना चुना लागलेला होता, तो त्यांच्या कपाळावर उमटला, आणि तशाच त्या बाजारातून घरी गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी दाखवायला या, अजून जपायचं आहे. तेव्हा शब्बीरभाईंनी नवी अट घातली. ज्या दिवशी डॉक्टर म्हणतील, आता तीन नाही, सहा महिन्यांनी या, त्या दिवशी अमानत परत घेईन. तोवर रोजचा नेम चालू. पहिला डबा भरला, दुसरा घेतला. त्यांचा आवाजही हळूहळू परत आला, फाटका का होईना.

हे पाहून बाकीचेही यायला लागले. दवाखान्यातल्या मॅडम कधीकधी एखाद्याला पत्ता सांगून पाठवायच्या. "मलेही अमानतीवर ठेव बाई." सगळेच टिकले नाहीत. एक ट्रक ड्रायव्हर महिनाभर इमानाने पैसे ठेवून गेला आणि महिन्याच्या शेवटी म्हणाला, "चाल बाई, आता महिन्याभराच्या बिड्या एकदम दे!" मी पैसे दिले, बिड्या दिल्या नाहीत, तर माझ्यावरच रागावला. एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या घशातली गाठ फार पुढे गेलेली होती. तो आला, पाणी पिऊन गेला, चार महिने आला. मग त्याचा मुलगा डबा न्यायला आला. म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत सांगत होते, मी सोडली." तो डबा देताना मला रडू आलं, पण त्या म्हाताऱ्याने सोडलीच होती, हेही खरं आहे. गुरुजींचा पाहुणा मात्र अजून गेलेला नाही.

मी बिड्या विकणं पूर्ण बंद केलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. केलं नाही. घर त्याच्यावर चालतं. पण कोणाचा आवाज बसलेला ऐकला की आता मी ज्येष्ठमध देत नाही. "दवाखान्यात जाऊन गळा दाखवा," असं तोंडाने सांगते. लोक चमकतात, कारण मी बोलते.

शब्बीरभाईंना सहा महिन्यांची तारीख मिळाली ती मागच्या उन्हाळ्यात. ते संध्याकाळी आले, सोबत नजमाभाभी आणि बस थांब्यापासून मागे लागलेले तुळशीरामभाऊ.

"काढ बाई अमानत."

मी दोन्ही डबे काचेवर ठेवले. ते तसेच उचलायला लागले, तर तुळशीरामभाऊंनी अडवलं. "मोजून घे गा! हिचा काय भरवसा? माल न देता पैसे घेणारी बाई आहे ही!"

मोजायला बसले. नोटा जुन्या, मऊ, कोळशाच्या धुळीने काळपटलेल्या. मध्येच भोंगा झाला, पाळी सुटली, मोटारसायकली थांबल्या. मी सांगितलं, "थांबा जरा, हिशोब चालू आहे." आणि माणसं थांबली. पुढच्या ठेल्यावर कोणी गेलं नाही. शब्बीरभाई एकेक गड्डी सोडत होते, नजमाभाभी बोटांवर दिवस धरत होत्या.

"पूरे आहे," शब्बीरभाई म्हणाले. वरची एक नोट काढून त्यांनी माझ्याकडे सरकवली. "ही पाण्याची."

"नाई. अमानत आहे. पूर्ण न्या."

त्यांनी ती नोट परत ढिगावर ठेवली. नजमाभाभींनी ओढणीचं टोक पसरलं, सगळे पैसे त्यात घेतले आणि घट्ट गाठ मारली. ते गाठोडं शब्बीरभाईंनी काखेत मारलं, हात वर केला आणि भरधाव येणाऱ्या कोळशाच्या ट्रकला त्या फाटक्या, पण मोठ्या आवाजात "रुक बे!" म्हणून थांबवत ते रस्ता ओलांडून गेले.